सेनियोचा बांध: शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५

शिपाई म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतो तो सरकारी कचेरीत स्टुलावर बसलेला माणूस. घंटा वाजली की उठायचं, साहेब देतील तो कागद सांगतील त्या टेबलावर पोचवायचा, परत येऊन स्टुलावर बसायचं. ज्याचं हे प्रकरण आहे त्याचं पलटणीतलं काम वरवर पाहता असंच होतं. नामदेव जाधव, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधला शिपाई, नेमणूक कंपनीचा रनर. कंपनी कमांडरच्या मागे दोन पावलं राहायचं आणि निरोप घेऊन धावायचं. हाताखाली एकही माणूस नाही, बाहीवर एकही फीत नाही.

दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी, उत्तर इटलीतल्या सेनियो नदीत त्याच्या आजूबाजूचे सगळे पडले. कमांडर जखमी, आणखी दोघे जखमी, बाकीचे ठार. धड उभा असा तो एकटा. हुकूम द्यायला कोणी उरलं नव्हतं आणि न्यायला निरोपही नव्हता. पुढच्या थोड्या वेळात त्याने जे केलं त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश फौजेतला शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला.

पराक्रमाच्या गोष्टी आपल्याकडे एकाच सुरात सांगतात. डोळ्यांत रक्त उतरलं, देहभान हरपलं, वाघासारखा तुटून पडला. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते इथे हा सूर लागत नाही म्हणून. व्हिक्टोरिया क्रॉसचं सायटेशन, म्हणजे सन्मानासोबत छापलेला कामगिरीचा वृत्तान्त, त्या नदीकाठच्या बांधाचा आकार समोर ठेवून सावकाश वाचलं, की एकामागून एक कामं उरकणारा माणूस दिसू लागतो. शिवाय प्रत्येक काम आधीच्या फेरीत कळलेल्या गोष्टीवर उभं असतं.

तेवीस वर्षांच्या पोराबद्दल लिहितो आहे, म्हणून त्या संध्याकाळपुरतं एकेरी. कुणाला खटकलं तर माफ करावं.

निमज ते बेळगाव

जन्म १८ नोव्हेंबर १९२१, गाव निमज, तालुका संगमनेर, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. हा जिल्हा अवर्षणाचा. कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस आला, पुढे कारखाने आले. बाकी ठिकाणी बाजरी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. अशा मुलखातल्या पोराला घराबाहेर पडायच्या वाटा मोजक्याच होत्या. मुंबईची गिरणी, गोदी, नाहीतर पलटण. युद्धाच्या सुरुवातीला शिपायाचा मूळ पगार महिना १६ रुपये होता. जेवण, कपडे, बूट सरकारचे. आज आकडा हसण्यावारी जाईल, पण कोरडवाहू घराला दर महिन्याची मनिऑर्डर पावसापेक्षा भरवशाची वाटायची. भरतीमागे राजनिष्ठा किती आणि पोट किती, हा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी ही मनिऑर्डर मांडावी. युद्ध सुरू झालं तेव्हा दोन लाखांच्या आसपास असलेलं हिंदी सैन्य युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेलं. सक्तीची भरती नव्हती.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. कोकण, सातारा, कोल्हापूर, नगर इथून आलेले रंगरूट तिथे घडायचे. कवायत, बंदूक आणि रोमन लिपीत लिहिलेली उर्दू, कारण हिंदी फौजेचा कारभार त्या भाषेत चालायचा. इंग्रज अधिकारी मराठा शिपायाला सरसकट ‘गणपत’ म्हणत. त्यात लाडही होता आणि नाव लक्षात ठेवायचा आळसही असावा.

एका अवघड गोष्टीला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतले इतर नेते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ज्या सरकारने त्यांना कोंडलं त्याच्याच फौजेत या जिल्ह्यातला हा पोरगा होता. सेनियोच्या लढाईआधी दोनच आठवडे, मार्च १९४५ च्या अखेरीस, नेहरूंना त्या किल्ल्यातून हलवलं, तेही सोडण्यासाठी नव्हे, दुसऱ्या तुरुंगात. ज्या सातारा जिल्ह्याने मराठा पलटणींना पिढ्यान्‌पिढ्या माणसं दिली, तिथेच तेव्हा नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. यातली एक बाजू खरी आणि दुसरी खोटी, असं मला वाटत नाही. त्या काळच्या गावांनी दोन्ही एकदम अंगावर घेतल्या. नंतर इतिहास लिहिणाऱ्यांनी आपापल्या सोयीची बाजू उचलली आणि पलटणीतला माणूस बऱ्याचदा खाली राहिला.

आणखी एक नदी

पहिली बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेवर, तारांतो बंदरात उतरली आणि उत्तरेकडे निघाली. इटलीचा नकाशा पाहिला तर पुढची दीड वर्षं कशी गेली ते कळतं. देशाच्या मधोमध आपेनाइन पर्वताचा कणा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी नद्या समुद्राकडे धावतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या फौजेला त्या एकेक करून ओलांडाव्या लागतात. प्रत्येक नदीच्या पलीकडच्या काठावर जर्मन वाट पाहत बसलेले. त्रिन्यो, सांग्रो, मोरो, कॅसिनोखालची गारी, मग आर्नो. ‘आणखी एक नदी’ हे या डिव्हिजनचं ब्रीदच होऊन बसलं. कुणी थट्टेत म्हणत असेल, कुणी वैतागून.

मध्येच एक गोष्ट, विषयाला सोडून असली तरी सांगतो. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला माँतेगुफोनी नावाच्या गढीत या डिव्हिजनमधल्या मराठ्यांचा मुक्काम पडला. फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचावीत म्हणून आणून तिथे ठेवली होती. बोत्तिचेल्लीचं जगप्रसिद्ध ‘वसंत’ त्यांत होतं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्या चित्रांवर मराठा शिपायांचा पहारा बसला. युरोपच्या कलेतली काही सर्वांत मोलाची चित्रं काही दिवस आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या राखणीत होती, हे कलेच्या इतिहासात सहसा वाचायला मिळत नाही.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात आघाडी सेनियोवर येऊन थिजली. चिखल, थंडी, दारूगोळ्याची टंचाई. एप्रिलपर्यंत दोन्ही बाजू समोरासमोर बसून राहिल्या. समोरासमोर म्हणजे किती, ते बांध समजल्याशिवाय ध्यानात येत नाही. सगळं प्रकरण त्या बांधातच आहे.

बांध

सेनियो नदी म्हणून काहीच नाही. सायटेशनमध्येच मापं दिली आहेत. रुंदी सुमारे १५ फूट, खोली चार-पाच फूट. बैल जुंपलेली गाडी आडवी उभी केली तर दोन्ही काठांना टेकेल, आपल्याकडे जिला आपण ओढा म्हणू, एवढीच. भीती तिच्या काठांची. पो नदीच्या त्या सपाट खोऱ्यात पुराचं पाणी शेतांत शिरू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालत आले आहेत. सेनियोचे बांध ३० ते ३५ फूट उंच, दोन्ही अंगांनी उभ्या चढणीचे. तीन मजली इमारतीएवढ्या मातीच्या दोन भिंती आणि मध्ये ओढा.

बांधाला दोन अंगं असतात, शेताकडचं आणि पाण्याकडचं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मित्रफौज पूर्वेकडून आली होती, म्हणून पूर्वेचा बांध तिच्या बाजूचा. पण त्या पूर्व बांधाचंही पाण्याकडचं अंग जर्मनांच्या हातात होतं. त्यांनी ते उंदरांनी पोखरल्यासारखं पोखरलं होतं. बिळं, खंदक, मशीनगनची ठाणी. ठाण्यांच्या वर भूसुरुंगांचा पट्टा. म्हणजे कित्येक ठिकाणी एकाच बांधाच्या शेताकडच्या उतारावर आपले आणि पाण्याकडच्या उतारावर जर्मन. मध्ये फक्त बांधाची जाडी. हिवाळाभर दोन्हीकडचे एकमेकांच्या अंगावर माथ्यावरून हातबॉम्ब टाकत होते.

यातून एक गोष्ट निघते, आणि मला तीच या प्रकरणाची किल्ली वाटते. तोफेचा गोळा पूर्वेकडून येतो. तो बांधाच्या शेताकडच्या अंगावर पडेल, माथ्यावर पडेल किंवा नदीपार पडेल. पूर्व बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला चिकटून बसलेल्या ठाण्याला तो सहजी लागत नाही, कारण मधल्या मातीनेच ठाणं झाकलेलं असतं. आणि माथा ओलांडून पाण्यात उतरलेल्या शिपायाच्या दृष्टीने ते ठाणं आता पाठीमागे असतं. शत्रू नदीपलीकडे आहे असं समजून तुम्ही छाती पुढे करता आणि गोळी मागून येते.

९ एप्रिलचा हल्ला जंगी तयारीचा होता. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची ही वसंतातली शेवटची मोठी चढाई. दुपारी आठशेहून जास्त जड बॉम्बफेकी विमानं येऊन गेली. मग तोफा. त्या मध्येच थांबायच्या. जर्मनांना वाटायचं आता पायदळ येणार, ते बिळांतून बाहेर यायचे, आणि तोफा पुन्हा सुरू व्हायच्या. असं पुन्हा पुन्हा. मग आगीचे लोळ फेकणारे रणगाडे बांधाशी आले आणि त्यांनी काठ भाजून काढला. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी पायदळ उठलं. एवढं सगळं करूनही मातीच्या पोटातली काही ठाणी जिवंत राहिली. तेवढी पुरेशी होती.

पाण्यातला क्षण

ठिकाण लुगो शहराजवळ, सान पोतीतो खेड्याच्या उत्तरेला. (सायटेशनमध्ये ‘पोलितो’ छापलं आहे. नकाशावर शोधायला जाल तर फसाल.) बटालियनच्या दोन कंपन्या पुढे होत्या. एकीने पूर्व बांधावर चालून जायचं आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे होऊन पश्चिम बांधावर, असा बेत होता. नामदेवच्या कंपनीचा क्रम असा. आघाडीच्या सेक्शनच्या, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीच्या, पाठोपाठ कंपनी कमांडर, आणि कमांडरच्या पाठोपाठ रनर. पाण्यात उतरलेली ही टोळी वर येते न येते, तोच पूर्व बांधाच्या आतल्या अंगावरच्या किमान तीन ठाण्यांनी तिला धरलं.

सायटेशनच्या वाक्यांत इथे दिशा थोड्या गुंतल्या आहेत. कोण कुठल्या काठावर, असा प्रश्न वाचताना पडतो. पण पुढचा एक तपशील गुंता सोडवतो. हातबॉम्ब संपल्यावर नामदेव बांधाच्या माथ्यावर सरपटत गेला आणि पलीकडच्या उतारावर असलेल्या सोबत्यांकडून त्याने नवे घेतले, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे सुरक्षित जागा पूर्व बांधाच्या शेताकडच्या अंगाला. म्हणजे पाण्यातून तिकडे जायचं तर जर्मन ठाण्यांच्या शेजारून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, ३०-३५ फुटांचा उभा चढ चढून माथा गाठायचा आणि उघड्यावरून पलीकडे उतरायचं.

आता त्याच्या जागी उभं राहून पाहू. प्रकरण अभ्यासात हे करायचंच असतं.

पाण्यात दबून राहता आलं असतं. एप्रिलची संध्याकाळ, थोड्या वेळात अंधार पडणार होता. कोणी बोट ठेवलं नसतं.

एकट्याने परत जाऊन खबर देता आली असती. याकडे मी जास्त वेळ पाहत राहिलो. रनरचं काम तेच असतं. कमांडर पडला, पुढे तीन मशीनगन आहेत, अमुक जागी आहेत, ही बातमी मागे पोचवणं हे त्याचं ठरलेलं कर्तव्य होतं, आणि ते करून तो निर्दोष राहिला असता. कदाचित शाबासकीही मिळाली असती. जीव वाचवायचा रस्ता आणि नेमून दिलेलं काम त्या क्षणी एकाच दिशेला होतं. असा क्षण सैनिकाच्या वाट्याला क्वचित येतो, आणि असल्या क्षणी माणूस स्वतःला सहज पटवू शकतो.

ठाण्यांवर तिथूनच धावून जाता आलं असतं. पराक्रमाच्या गोष्टीला हेच शोभलं असतं. पण तो खाली, ती वर, आणि पायाशी पाण्यात दोन जखमी. चार-पाच फूट खोल पाण्यात ज्याला उभं राहता येत नाही त्याच्याकडे गोळी लागायच्या आधी फार वेळ नसतो.

तीन फेऱ्या

पहिली फेरी: एका जखमीला उचललं. खोल पाण्यातून, उभ्या चढणीने, सुरुंगांच्या पट्ट्यातून वर आणि पलीकडे.

दुसरी फेरी: परत खाली. दुसऱ्या जखमीला त्याच वाटेने वर आणि पलीकडे. दोन्ही वेळा मॉर्टर (उखळी तोफा) आणि मशीनगनचा मारा चालू.

या दोन फेऱ्यांत त्याने काय मिळवलं? दोन जीव, हे तर उघड आहे. त्याखेरीज त्याला वाट मिळाली. सुरुंगांच्या पट्ट्यातून ओझं घेऊन दोनदा वर आणि एकदा रिकाम्या हाताने खाली गेलेल्या माणसाला कुठे पाय ठेवला तर उडत नाही ते कळलेलं असतं. आणि दोन्ही वेळा गोळ्या कुठून आल्या तेही. तिसऱ्यांदा बांध ओलांडला तेव्हा तो बटालियनमधला एकमेव माणूस असेल ज्याला ती वाट पायाने ठाऊक होती. सायटेशन म्हणतं की आपल्या कंपन्यांना जखडून ठेवणारी ठाणी संपवायची आणि मेलेल्या सोबत्यांचा बदला घ्यायचा, असं त्याने ठरवलं. बदल्याचं मी नाकारत नाही. पण बदला घ्यायला निघालेला माणूस आधी दोनदा ओझी वाहत बसत नाही. क्रम पाहा. आधी माणसं, मग ठाणी.

तिसऱ्या फेरीत सर्वांत जवळच्या ठाण्यावर टॉमी गन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, घेऊन धाव, आणि ते गप्प. तिथे हाताला गोळी लागली. टॉमी गन हे दोन हातांचं हत्यार. एका हाताने धरलं तर नळी वर उचलली जाते आणि नेम राहत नाही. त्याने ती टाकून दिली. शिपायाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की हत्यार सोडायचं नाही. पण निरुपयोगी झालेली वस्तू हातातून टाकायला जो थंडपणा लागतो तो त्याच्याकडे होता. मग हातबॉम्ब. दुसरं ठाणं, तिसरं ठाणं. मध्ये एकदा साठा संपला तेव्हा माथ्यावर सरपटत जाऊन पलीकडच्यांकडून नवे घेतले आणि परत खाली.

सगळ्यात जास्त वेळ मी अडखळतो ते या सरपटत जाण्यापाशी. माथ्यापाशी पोचल्यावर पलीकडे आपले लोक, आपला उतार, आपला मलमपट्टीवाला. हात जखमी आहे. दोन जखमींना आणून झालं आहे, एक ठाणं पडलं आहे. इतक्यावर कोणी काही म्हणालं नसतं. तो हातबॉम्ब मागतो आणि परत फिरतो. निरोप्याचं काम म्हणजे ये-जा. त्या संध्याकाळी त्याने तेवढंच केलं, एकाच बांधावरून ये-जा. फक्त निरोप बदलत गेला.

तिन्ही ठाणी बंद पडल्यावर तो बांधाच्या माथ्यावर उभा राहिला. उघड्यावर, मॉर्टरचे गोळे पडत असताना. आणि मराठ्यांची युद्धगर्जना देत, हात हलवत, दोन्ही कंपन्यांतल्या उरलेल्यांना नदीपार बोलावलं. रेजिमेंटची गर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही. सेनियोच्या बांधावर संध्याकाळच्या धुरात ती उमटली तेव्हा खालच्या इटालियन शेतकऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे. आपल्या माणसांना मात्र अर्थ नेमका कळला. रनर निरोप घेऊन आला होता: वाट मोकळी आहे, या.

दोन्ही कंपन्यांनी काठ पक्के धरले, बटालियनने नदीपलीकडे खोलवर पाय रोवले आणि त्या भागातला जर्मन विरोध कोसळला. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, लुगो मुक्त झालं. २ मे रोजी इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती अमलात आली. सेनियोपासून तेवीस दिवस.

त्याच नदीवर आणखी एक

त्याच संध्याकाळी, त्याच डिव्हिजनमध्ये, त्याच नदीच्या फुसिन्यानोजवळच्या वळणावर आणखी एका हिंदी शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचा अली हैदर, कोहाटचा बंगश पठाण. त्याच्या सेक्शनमधले तिघेच पार पोचले होते आणि त्यानेही एकामागून एक मशीनगनची ठाणी अंगावर घेतली. दोन वर्षं आणि चार महिन्यांनी एकाचं गाव भारतात आणि दुसऱ्याचं पाकिस्तानात. ‘आणखी एक नदी’ म्हणत जिने ती ओलांडली ती डिव्हिजन दोघांची एकच होती.

इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले. त्यातले ५,७८२ परतले नाहीत. सहा जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे नाईक यशवंत घाडगे. त्यांच्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

घाडगे माणगाव तालुक्यातले, आजच्या रायगड जिल्ह्यातले. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. म्हणजे नामदेवपेक्षा दोन दिवसांनी मोठे. एक कोकणातला, एक घाटावरचा. दोघांची पलटण एकच, बटालियन वेगळी. घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते आपल्या सेक्शनसह चढाई करत होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. उरले ते एकटे. परिस्थिती जवळजवळ तीच. त्यांनी हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच ते गेले. वय बावीस.

दोन प्रकरणं शेजारी ठेवली की एक फरक दिसतो, आणि तो शौर्याचा नाही. घाडग्यांपुढे एक ठाणं होतं आणि त्यांच्या अन् त्याच्यामध्ये काहीच नव्हतं. विचार करायला जागा नाही, मागे यायला आडोसा नाही, मॅगझिन बदलायलाही क्षण नाही. नामदेवपुढे बांध होता. मारणारा बांध तोच आणि आडोसाही तोच. दर फेरीला माथा ओलांडला की दोन क्षण श्वास घ्यायला मिळत होते. त्या दोन क्षणांत दर वेळी त्याला ठरवावं लागलं की परत जायचं. सोपं कुठलं होतं हे ठरवायला मी कोण? पण प्रकार दोन आहेत, आणि ‘अतुलनीय शौर्य’ असा एकच शिक्का दोघांवर मारला की दोघेही नीट दिसत नाहीत.

घाडग्यांचं नाव कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरलेलं आहे, कबर नसलेल्यांच्या नावांत. माणगावला त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारलं.

नामदेव जाधवांच्या नावे जून १९४५ मध्ये लंडन गॅझेटमध्ये, ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. रँक छापली ती शिपाई. फौजेत राहून ते पुढे हवालदार झाले. इथून त्यांना एकेरीत लिहवत नाही. बांध चढून ते दोन जखमी आणले तेव्हा तेवीस वर्षांचं वय होतं. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं गेली. हवालदार नामदेव जाधव २ ऑगस्ट १९८४ रोजी वारले.